उचलून न्यायच्या माणसांची यादी

आपत्ती व्यवस्थापनाच्या कामात किस्से फार साचतात. संकट कधीमधी येतं, बैठका मात्र सारख्या होतात! मी आणि इंगळे भाऊ वलगावच्या आजूबाजूची नाल्याकाठची गावं फिरतो. इंगळे भाऊ जीप चालवतात आणि भाषणही माझ्यापेक्षा बरं करतात. हे सगळे किस्से एकाच गावातले.

*

पहिली मॉकड्रिल. पूर आला असं समजून पंधरा मिनिटांत सगळ्यांना शाळेत न्यायचं होतं. अर्ध्या तासानंतरही इंगळे भाऊ तिसऱ्याच घरात, हातात बशी घेऊन. घरची बाई म्हणाली, "आमाले वाचवाले आले, अन् बिना चहाचे जाऊ देऊ काय?"

*

मग घरोघरी एकेक पिशवी तयार ठेवायला सांगितली. आधार कार्ड, सातबारा, औषधं. गुलाबराव काकाजींच्या पिशवीत निघाले भाकरी, ठेचा आणि पत्त्यांचा कॅट.

"कागदं कुठं आहेत?"

"कागदं तहसीलात दुसरे भेटतीन. शाळेत दिवसभर बसून करू काय?"

खरं सांगते, हा विचार मी कधी केलाच नव्हता. कॅट राहू दिला, कागदं वर ठेवायला लावली.

*

पुढे यादी आली. ज्यांना उचलून न्यावं लागेल, त्यांची नावं पंचायतीच्या बोर्डावर लावली. दुपारपर्यंत चार म्हातारे पायी येऊन भांडून गेले.

मला खरी काळजी होती शांताबाईंची. पाय गेलेले, दोन वर्षं खाटेवर, घर नाल्याला लागून. मुलगा प्रकाश दिवसभर अमरावतीत ऑटो चालवतो, रात्री घरी येतो. तो नाव लिहू देईना.

"माही माय मी रोज उचलतो. गावानं काहून उचलावं?"

"आणि तू अमरावतीत असलास तर?"

तो ऑटो सुरू करून निघून गेला. नाव राहून गेलं. मला त्याचा राग आला, कौतुकही वाटलं.

*

श्रावणात भरदुपारी नाला चढला. प्रकाश पुलापलीकडे अडकला, आम्हीही तिथेच. पाणी उतरल्यावर धावत शाळेत गेलो. शांताबाई खाटेसकट तिथे होत्या. शेजारच्या चार बायांनी आणलं होतं, कुठलीही यादी न बघता. प्रकाश आईच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला. मग तिचं माळ्यावरचं कोरडं लुगडं आणायला घरी गेला.

तो गेल्यावर शांताबाईंनी मला जवळ बोलावलं.

"ताई, माहं नाव लिवून घ्या. बोर्डावर मात्र लावू नका. पोराले वाटन, मायले आता मी पुरत नाही."