मामा, जावई आणि आपोआप फिरणारं चाक

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा झाला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं, तर त्यांनी डोळे बारीक करून विचारलं असतं, “हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि आजच का सांगितलं?” दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे आणि नाही हसला तर जास्त पाणी आहे, असा त्यांचा हिशेब. अंबरनाथला शिवमंदिराजवळ घर असूनही मामा कधी गाभाऱ्यात उतरले नाहीत, कारण पायऱ्या उतरून खाली गेलं की बाहेर काढलेल्या चपला दिसत नाहीत. लांबूनच हात जोडायचे, तेही अर्धं तोंड चपलांकडे करून. मामी चिडल्या की म्हणायचे, “देव कुठे जात नाही गं. चपला जातात.”

मोरिवलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे हात चांगला. पण घरातल्या वस्तू ते स्वतः दुरुस्त करत ते काही हौस म्हणून नव्हे. दुकानात वस्तू दिली की कारागीर आतला चांगला माल काढून घेतो आणि भलताच बसवतो, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बहुधा तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल नसावी. अगदीच बाहेर द्यायची वेळ आली तर आधी ती घरी उघडून आतल्या प्रत्येक भागावर मामींच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे आणि परत आल्यावर ठिपके तपासायचे. त्यांच्या घरचा मिक्सर आतून गोवर आल्यासारखा दिसे. “माझ्या नखांना कधी पॉलिश मिळालं नाही,” मामी म्हणायच्या, “पंख्याला मात्र दर वर्षी.”

अशा माणसाच्या मुलीने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं. मुलगा बदलापूरचा आणि नोकरी मुंबईच्या बंदरात, एका श्रीमंत माणसाच्या शिडाच्या बोटीवर. “या जमान्यात शिडाची बोट? स्मगलर असणार,” मामांनी निकाल दिला. बदलापूरला जाऊन एका न्हाव्याकडे गरज नसताना दाढी करून घेतली आणि मुलाची चौकशी केली. न्हावी फार चांगलं बोलला, त्यामुळे संशय दुप्पट झाला. लग्न झालं तरी संशय गेला नाही. जावयाला अहो-जाहो, पहिली गरम पोळी त्याच्या पानात, मानपानात कसूर नाही. पण तो हात धुवायला उठला की मामा त्याच्या पाठीकडे बघत राहायचे.

पावसाळा संपला की मालकाची बोट गोव्याला पोचवायचं काम या जावयाचं. सोबतीला एकच खलाशी. त्या वर्षी, म्हणजे घराघरात मोबाइल नुकते आले होते तेव्हा, जावई हातात ताटाएवढा एक काळा गोल डबा घेऊन आला. तो बोटीच्या सुकाणूच्या चाकावर बसतो. आत मोटर आणि दातेरी पट्टा. दिशा एकदा ठरवून दिली की चाक आपोआप फिरतं आणि बोट सरळ जाते. तो बंद पडला होता. “पप्पा, तुम्ही बघाल का? दुसऱ्या कोणाला द्यायला मन होत नाही.”

तो गेल्यावर मामा मला म्हणाले, “मलाच का? बिघडलं की माझ्या नावावर घालायचं असेल.” तेव्हा माहेरी आलेली मुलगी आतून बाहेर आली. “पप्पा, गेल्या खेपेला हा डबा वाटेतच बंद पडला. वाऱ्यात चाक धरून धरून यांचे हात सुजून आले होते. घरी आले ते तापानेच. या वेळी काही झालं तर?” मामा उठले. त्यांनी पुढचं दार लावलं, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून खिडकीही लावली आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

आत मीठ साचलं होतं आणि पट्ट्याचे दात झिजून काळी भुकटी झाली होती. आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. तिथे जीन्स शिवायच्या मशीनचे सुटे भाग मिळतात. त्यात त्याच मापाचा पट्टा सापडला. मामांनी तो वाकवला, ताणला, हुंगला. सिंधी दुकानदार वैतागला, “अरे साईं, असली माल है! आपके सामने पाकीट खोला ना?”

“वही तो,” मामा म्हणाले. “इतना दिखाके क्यों खोला?” आणि बांधून देताना माल बदलू नये म्हणून दुकानातच खिशातून बाटली काढून पट्ट्यावर भरघोस ठिपका दिला.

घरी पट्टा बसवून इन्व्हर्टरच्या बॅटरीवर डबा चालू केला. फिरला, पण दर फेरीला टक् आवाज आणि पट्टा घसरला. मामांनी आधी दुकानदाराला शिव्या घातल्या, मग जावयाने एखादा भाग दडवला असेल का यावर विचार केला आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, “मघाशी तुम्ही हात लावला होता ना?” कॅम्प दोनला भांडायला जायचं म्हणून त्यांनी पट्टा काढला आणि मामींकडे पिशवी मागितली. मामी पट्टा पिशवीत टाकता टाकता थांबल्या. “अहो, हा लाल खडा कसला बसलाय दातांच्या फटीत? माझं नेलपॉलिश ना हे?”

मामांनी चष्मा सारखा करून तो ठिपका जवळून बघितला. मग हळूच म्हणाले, “पॉलिश ड्युप्लिकेट असणार.” मामींनी तो ठिपका खरवडून काढला, मामांनी पट्टा पुन्हा बसवला आणि डबा लोण्यासारखा फिरायला लागला.

बोट निघाल्यापासून मामांचं जेवणात लक्ष नव्हतं. जावयाचा गोव्याहून फोन आला तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर टाकला आणि साक्षीदार म्हणून मला जवळ बसवलं.

“पप्पा, पोचलो. मस्त चाललं.”

“खरं सांगताय की माझं मन राखताय?”

“खरंच. रत्नागिरीच्या पुढे तर मी दुपारी चक्क झोपलो. खलाशी पुढे नजर ठेवून होता, पण चाकाला कोणाचाच हात नव्हता.”

“झोपलात?” मामा ओरडले. “माझ्या कामावर भरवसा ठेवून भर समुद्रात झोपलात? तपासायला नको होतं?”

“तुम्ही केलंय म्हटल्यावर काय तपासायचं, पप्पा?”

मामांनी फोन ठेवला. मग ते चष्मा पुसत बसले. मामींनी काय झालं विचारलं तर म्हणाले, “झोपला म्हणे पोरगा. माझ्या भरवशावर.”

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी दूधवाल्याला सोडलं नाही आणि सलाइनची बाटलीही नर्सकडून वाचून घेतली. पण त्या खेपेनंतर जावई घरी आला की मामा दिवाणावर आडवे व्हायचे आणि घटकाभरात घोरायला लागायचे. घरात पाहुणा असताना डोळे मिटलेले मामा त्याआधी आम्ही कोणी पाहिले नव्हते. जावई आवाज न करता उठायचा, पंखा एक घर वाढवायचा आणि ते जागे होईपर्यंत जवळच्या खुर्चीत बसून राहायचा.