पाण्यात पाहणं

हॉटेलच्या लाँड्रीत तिला सगळे डागकाकू म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट एखादी नवी मुलगी नुसतं "काकू" म्हणाली, तर तिला आपली बढती रोखल्यासारखं वाटे. वाफेच्या इस्त्र्यांच्या पलीकडे खिडकीखाली तिचं टेबल होतं. मशीनमधून दोनदा फिरूनही ज्या कपड्यांनी हट्ट सोडला नाही, ते या टेबलावर येत. ती चादर उजेडाकडे धरायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. "हा चहा. ही लिपस्टिक. हा गंज. आणि हा कशाचा ते विचारू नकोस, दे इकडे."

अशा बाईचं घर कसं असेल ते वेगळं सांगायला नको. पाहुणे खुर्चीत बसण्याआधी खुर्चीकडे नाही, स्वतःच्या पँटकडे बघत. नवऱ्याने सारी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत काढली होती. ग्रीसने माखलेले हात घेऊन तो घरी यायचा आणि दारातच अडवला जायचा. कोपरापर्यंत हात धुऊन झाले की मगच त्याला त्याच्याच घरात प्रवेश मिळे. त्याने कधी तक्रार केली नाही. तो मुळातच बोलण्यात काटकसरी होता. एखादं वाक्य अर्ध्यात भागत असेल, तर उरलेलं अर्धं तो दुसऱ्या दिवसासाठी शिल्लक ठेवायचा.

या घरात खाऱ्या पाण्याच्या टाकीचा शिरकाव झाला हे नवलच. मुलगी लग्न होऊन लांब गेली त्या वर्षी त्याने ती आणली. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या भिंतीला पूर्वी ताटं सरकवायची मोठी खिडकी होती, त्या चौकटीत त्याने टाकी चपखल बसवली. आत पांढरी वाळू, दोन्ही कडांना रचलेले सच्छिद्र दगड आणि दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. मोठी ती मादी, लहान तो नर. या जातीत असंच असतं आणि सगळा कारभारही मादीचाच चालतो, असं दुकानदाराने सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "मग आम्हाला नवीन काही शिकायला नको." त्याने त्यांना थोरली आणि धाकटा म्हणायला सुरुवात केली.

डागकाकू त्या टाकीला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहायची. कारणं भरपूर होती. खारं पाणी उडून काठावर मिठाची पुटं चढत. आज पुसली की उद्या पुन्हा हजर. शिवाय स्वयंपाकघराच्या बाजूने दिसायची ती टाकीची पाठ, म्हणजे वायरी, नळ्या आणि पंपाचं काळं बूड. पाठीमागे चिकटवायला दुकानदाराने निळा कागद दिला होता, तो गुंडाळलेलाच कपाटावर पडून होता.

"अहो, तो कागद लावा की एकदाचा. ओट्यासमोर हे जंजाळ बघून माझं डोकं उठतं."

"लावू," तो म्हणायचा.

चार-दोन महिन्यांनी तिला पुन्हा आठवण व्हायची आणि तो पुन्हा "लावू गं" म्हणायचा. कागद काही जागचा हलला नाही.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. संध्याकाळ झाली की तो बाहेरच्या खोलीतला दिवा मालवून वेताच्या खुर्चीत बसायचा आणि तासभर त्या पाण्याकडे बघत राहायचा. ती पलीकडे ओट्याशी उभी असायची. मध्ये काचेची ती पेटी. तिला त्या बाजूने मासे दिसायचे, टाकीवरच्या दिव्याची तिरीप दिसायची, पण त्या मागच्या अंधारात तो काही दिसायचा नाही. आपल्यापेक्षा याला मासे बरे वाटतात, असं तिच्या मनाने घेतलं होतं. हे तिने तोंडाने कधी बोलून दाखवलं नाही. भांडी मात्र त्या वेळेला जरा जास्तच वाजत.

मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्याने तिला टाकीसमोर उभं केलं.

"चिमूटभर खाणं घाल. पाणी आटलं की या खुणेपर्यंत साधं पाणी ओत. मीठ घालायचं नाही, मीठ आटत नसतं. बाकी काही करू नकोस."

"काही करू नको म्हणजे?"

"म्हणजे काही करू नकोस."

त्याच्या हिशेबाने हे भाषणच होतं. पण डागकाकूला ते शेवटचं वाक्य झोंबलं. आजवर कोणी तिला काही करू नकोस असं सांगितलं नव्हतं, आणि ज्याचे हात रोज दारात धुऊन घेतले, त्याने ते सांगावं!

तरी तिने कळ काढली. ऑपरेशन नीट पार पडलं, तो वॉकर धरून चालायला लागला, आणि रविवारी घरी सोडू असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मात्र तिचे हात शिवशिवायला लागले. माणूस इतक्या दिवसांनी घरी येणार, त्याच्या जिवाभावाच्या टाकीत दगडांवर तपकिरी थर, आणि फिल्टरचा स्पंज तर हातात धरवत नव्हता. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आल्या आल्या त्याने ती टाकी बघावी आणि एकदा तरी, अर्ध्या वाक्यात का होईना, "वा" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने पंप बंद केला. दगड एकेक करून न्हाणीघरात नेले, गरम पाण्याच्या नळाखाली धरले आणि ब्रशने खसाखसा घासले. साबण लावला नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. स्पंज पिळून पिळून पांढरा केला. मग सगळं होतं तसं परत रचलं, कारण जिथली वस्तू तिथे ही तिची शिस्तच होती. टाकी अशी दिसायला लागली की जणू हॉटेलात नवा पाहुणा उतरणार आहे. पंप पुन्हा सुरू केला आणि त्या रात्री ती समाधानाने झोपली.

दुसऱ्या दिवशी पाणी किंचित धुरकट दिसलं. त्याच्या पुढच्या सकाळी ते दुधाचं पातेलं विसळल्यासारखं झालं होतं. थोरली पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत होती आणि धाकटा कोपऱ्यात अंग टेकून पडला होता. डागकाकूच्या तोंडचं पाणी पळालं. रविवार अगदी जवळ आला होता. सवयीने तिचा हात पुन्हा पंपाच्या बटणाकडे गेला, सगळं काढून पुन्हा धुवावं म्हणून. पण धाकट्याकडे बघून तो हात तिथेच थांबला. तिने पायात चपला सरकवल्या आणि माशांचं दुकान गाठलं.

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली अरुंद बोळकांडी, दोन्ही भिंतींना टाक्या, सगळीकडे पंपांची घरघर आणि पायाखाली कायम ओल. दुकानदार गलेलठ्ठ आणि गप्पिष्ट होता. तिने अडखळत का होईना, पण सगळं खरं सांगितलं.

"गरम पाण्याने?" त्याने कपाळावर हात मारला. "स्पंजही? अहो काकू, ती घाण नव्हती. डोळ्याला न दिसणारे लाखो जीव राहतात त्या दगडांत. माशांची घाण तेच खातात. तुम्ही कुठे कामाला आहात म्हणालात?"

"लाँड्रीत."

"मग असं समजा, तुम्ही अख्खी लाँड्री एका दिवसात कामावरून काढून टाकलीत. धुणं मात्र रोजचं येतंच आहे."

हे तिला बरोबर कळलं.

दुकानदाराने स्वतःच्या जुन्या टाकीतला एक दगड आणि एक मळकट स्पंज पिशवीभर पाण्यात घालून दिला. मीठ कालवलेल्या पाण्याचे कॅन दिले. थोडं थोडं पाणी बदला, पंपाचं तोंड वर करून हवा खेळती ठेवा, खाणं बंद, वरचा दिवाही बंद, असं सांगितलं. "आणि मग हात लावायचा नाही. अजिबात."

"पाणी साफ कधी होईल?"

"ते साफ करायचं नसतं, काकू. ते निवळतं. आपलं आपण."

"आणि मासे?"

"बघू," तो म्हणाला. त्याच्यासारख्या बोलघेवड्याने एकाच शब्दावर थांबावं, याचीच तिला जास्त भीती वाटली.

सांगितलं तेवढं तिने केलं आणि करण्यासारखं संपलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे असा डाग होता, ज्याला हात लावायची तिला बंदी होती. कामावर तिने एक टेबलक्लॉथ इतका घासला की डागाबरोबर कापडही गेलं. दवाखान्यात नवऱ्याने विचारलं, "पाणी कसंय?"

"पाण्याला काय धाड भरलीये," असं म्हणत तिने त्याच्या पायाशी चादर अशी घट्ट खोचली की त्याला बोटंही हलवता येईनात. खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. त्याने आजवर तिच्याकडे मागितलं होतं तरी काय? काही करू नकोस, एवढंच. आणि तेवढंही तिला जमलं नव्हतं.

घरी आली की हात पुन्हा टाकीकडे वळत. शेवटी तिने एक युक्ती केली. त्याच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. त्या खुर्चीची गादी तिने असंख्य वेळा धुतली होती, पण तीत बसली होती ती आजच. खोलीतला दिवा मालवलेला होता. समोर नुसता पांढुरका धूर दिसत होता, आणि त्यात मधूनच एक नारिंगी ठिपका येऊन जात होता.

"मरू नका रे," ती हळूच म्हणाली. "मला वाटेल ते बोला, पण मरू नका."

शुक्रवारी थोरली खाली आली. धाकटा दिसेना. तिने कामावरून येताना देवाला काय काय कबूल केलं ते आपण इथे सांगायला नको, पण ते सगळं पार पाडायला तिला नोकरी सोडावी लागली असती.

शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा त्या खुर्चीत बसली. पाणी आता धुक्यासारखं विरळ झालं होतं. ती डोळे बारीक करून बघत राहिली. खूप वेळाने डाव्या दगडाआडून धाकटा बाहेर आला, जरा डगमगला आणि थोरलीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. नेहमीच्या जागी. डागकाकूने इतका मोठा श्वास सोडला की खुर्ची करकरली.

मग तिची नजर त्या दोघांच्या मागे गेली.

आधी तिथे नुसता पिवळा उजेड होता. ती स्वयंपाकघरातला दिवा तसाच ठेवून आली होती. हळूहळू त्या उजेडात आकार दिसायला लागले. गॅसची शेगडी. खुंटीवरचा तिचा नॅपकिन. ओट्याची कड, आणि त्या कडेशी फरशीचा तो तुकडा, जिथे उभं राहून राहून तिच्या पायांनी रंग उडवला होता. दोन्ही कडांना दगडांचे ढीग आणि मधोमध ही मोकळी जागा. दगड मधे का रचत नाही, काही सौंदर्यदृष्टी म्हणून नाही या माणसाला, असं ती कितीदा तरी म्हणाली होती.

मग उठली, स्टूल घेतलं, कपाटावरून निळ्या कागदाची गुंडाळी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

रविवारी तो आला. वॉकर टेकत टेकत थेट खुर्चीपाशी गेला, सावकाश बसला आणि टाकीकडे बघितलं. पाण्यात अजून अगदी पुसट धुरकटपणा होता. दुसऱ्या कोणाला तो कळलाही नसता.

"धुतलंस," तो म्हणाला.

"धुतलं. दगडसुद्धा. गरम पाण्याने." तिने एका दमात सांगून टाकलं. "दोघं मरायला टेकले होते. तुम्ही सांगितलं होतंत, तरी केलं. चुकलं माझं. आणि दवाखान्यात खोटं बोलले."

त्याच्या कपाळावर आठी पडली आणि ती तशीच राहिली. धाकटा दगडाला वळसा घालून आला, थोरलीने त्याला ढुशी देऊन बाजूला सारलं, आणि तो निमूटपणे सरला. ते बघता बघता नवऱ्याचा चेहरा निवळला.

"आहेत ना," तो म्हणाला. "झालं तर मग."

तिला एकदम रडू येईलसं वाटलं, म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. मागून बटणाचा आवाज आला. त्याने खोलीतला दिवा मालवला होता, नेहमीसारखा. तिने शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं, आणि शेगडीकडे पाठ करून टाकीकडे तोंड केलं. तिच्या बाजूने तेच, नुसते मासे. मागे मिट्ट काळोख.

"अहो, दिसतंय का?"

"काय?"

"काय ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

वेताची खुर्ची करकरली. मग अंधारातून आवाज आला, जरा ओशाळलेला.

"थोडं धुरकट आहे. डावीकडे सरक जरा, पंप मध्ये येतो."

ती डावीकडे सरकली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला पाण्यात पाहत होतात म्हणायचं!"

तो हसला. मोठ्याने हसला, गुडघा दुखला म्हणून "आई गं" म्हणाला आणि पुन्हा हसला.

"अगं, चहा," तो म्हणाला. "मागे बघ, उतू जातोय."

चहा शेगडीवरून ओट्यावर पसरला होता. डागकाकूने खुंटीवरचा नॅपकिन काढला, हातात धरला आणि तशीच त्या काळोखाकडे बघत उभी राहिली. चहाचा डाग वाळला की जड जातो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो वाळला.