रांगोळीमागचा वॉल्व

"हा आपला जावई आहे," नव्या माणसाला ॲसिडचं गोदाम दाखवताना आमच्या बाई म्हणायच्या. "थंडी सोसत नाही, ऊन सोसत नाही, आणि शेजारी कोण बसलंय तेही बघावं लागतं."

अंधेरी पूर्वेच्या आमच्या छोट्या केमिकल कारखान्यात त्या प्लांट सांभाळायच्या आणि मी डिस्पॅच. बाई राहायला मुलुंडला, मूळच्या कणकवलीकडच्या. अशा बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिल्या असतील. साडीवर रबरी एप्रन, कपाळावर चढवलेला गॉगल, आणि दारातून आत येण्याआधीच पोचणारा आवाज.

जावई म्हणजे ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. व्हिनेगरचा सख्खा भाऊ, पण स्वभावाने अगदी निराळा. डिसेंबरात बोरिवलीकडून बोचरी हवा सुटली की ड्रममध्ये त्याचा बर्फ होतो. मग ड्रम कोमट पाण्यात ठेवून हळूहळू वितळवायचा. कुणी शेगडीचं नाव काढलं की बाई मालवणीवर यायच्या, कारण मे महिन्यात नुसत्या उकाड्यानेही त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. नायट्रिक, पेरॉक्साइड, कॉस्टिक, यांच्याजवळ त्याला बसवायचं नाही. अंगावर उडालं तर आधी नुसतं चुरचुरतं आणि फोड मागाहून येतात, म्हणून माणूस फसतो. तेव्हा सगळं सोडून शॉवरखाली जायचं आणि त्या सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही. मालकाच्या मेहुण्याने एकदा त्यांना काही सुचवायला सुरुवात केली, तर "तू माका शिकवतस?" एवढं विचारून त्यांनी त्याला गॉगल आणायला परत पाठवला होता.

रोज सकाळी पहिला ड्रम उघडण्याआधी त्या सेफ्टी शॉवरची साखळी स्वतः ओढून पाणी येतं ना ते बघायच्या. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा त्या हट्टाने शॉवरलाही झेंडूची माळ घालायला लावायच्या. दिवा आणि उदबत्ती मात्र फाटकापाशी. गोदामाजवळ काडी ओढायची नाही, देवासाठीसुद्धा नाही.

एका वर्षी त्यांनी शॉवरखाली रांगोळी काढली. कमळ, त्यात सात रंग. रांगोळीचा त्यांना फार अभिमान. शॉवर मात्र जरासा ठिबकत होता आणि पाकळ्या विस्कटत होत्या. बाईंनी भिंतीमागे जाऊन वॉल्व बंद केला. दसऱ्याची सुट्टी झाली, काम सुरू झालं. कमळ अजून तसंच टवटवीत होतं. ते मोडायला नको म्हणून त्या सकाळी त्यांनी साखळीही ओढली नाही.

दुपार व्हायच्या आत पंपाची नळी निसटली आणि सुरेश नावाच्या आमच्या ऑपरेटरच्या मानेवर, गालावर ॲसिड उडालं. डोळ्यांवर गॉगल होता, तरी कडेने आत गेलंच. तो पळत शॉवरखाली गेला, त्याने साखळी ओढली. पाणी आलं नाही.

बाई पाठोपाठ धावत होत्या. त्या तिथूनच वळल्या, भिंतीमागे गेल्या आणि पाणी धो धो सुरू झालं. मग त्या साडीनिशी त्याच्याबरोबर आत उभ्या राहिल्या. त्याचे कपडे उतरवले, दोन बोटांनी पापण्या उघड्या धरल्या, आणि तो ओरडत होता तरी सोडलं नाही. पाणी पुरेसं झाल्यावरच रिक्षा बोलावली. पायाखालचं कमळ कधी वाहून गेलं ते आम्हाला कळलंही नाही.

डोळ्याचं काय होणार, हे डॉक्टर लगेच सांगेनात. इकडे मालकाने ठरवून टाकलं की सजावट करणाऱ्या सफाईच्या माणसांनीच वॉल्व बंद केला असणार, त्यांना उद्यापासून कामावरून काढा. आम्हालाही ते पटलं होतं. खरं म्हणजे कुणालाच बाईंची शंका आली नव्हती. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर जन्मात कळलं नसतं.

"वॉल्व मी बंद केला," बाई म्हणाल्या. "रांगोळी भिजत होती म्हणून. त्यांना नाही, मला काढा."

मालकाने काढलं नाही. सुरेशचा डोळाही वाचला, मानेवर पांढरा डाग तेवढा राहिला. भिंतीमागचा वॉल्व उघडा ठेवून त्याला कायमचं कुलूप बसलं. पुढे दर खंडेनवमीला बाई नव्या माणसांना ही हकीकत सांगायच्या, आवाज जराही खाली न आणता. माझ्या पाहण्यात एवढा ताठ कणा दुसरा नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि सांगायचं काम सुरेशकडे आलं. पहिल्याच वर्षी बाईंना पूजेला बोलावलं होतं. सुरेश सांगू लागला, "तेव्हा वॉल्व कुणीतरी बंद केला होता."

"कुणीतरी कोण?" खुर्चीतून प्रश्न आला. "नाव घे."

सुरेश म्हणाला, "बाई, तुम्ही माझा डोळा वाचवलात."

"आधी घालवत होते, मग वाचवला. क्रमाने सांग." मग त्या नव्या पोरांकडे वळल्या. "कुणीतरी चुकलं म्हटलं की तुम्हाला वाटणार, तो गाढव होता, आपण नाही. म्हणून नाव हवं."

तरी सुरेशच्या तोंडून नाव निघालं नाही. त्यानंतरही दर वर्षी तो तिथे आला की अडखळायचा, आणि मागून बाईच नाव पुरवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. यंदा खंडेनवमीला नवी माणसं गोदामासमोर उभी होती. सुरेश सांगत सांगत वॉल्वपर्यंत आला आणि थांबला. आम्ही जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागलो. मग त्याने बाईंचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. "वॉल्व त्यांनी बंद केला होता," तो म्हणाला. "आणि हे आम्हाला त्यांनीच सांगितलं."