पूजा कोणी केली होती?

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. दारू प्यायल्यावरसुद्धा नाही — आणि दारू प्यायल्यावर मी नको नको ते बोलतो, असं लोक म्हणतात. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा तुम्ही वनिताताईंना ओळखत नाही, म्हणून.

गोष्ट एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरची आहे. हसलात ना? मीही कित्येक वर्षं असंच हसून ती बाजूला सारली. एक जुनं डबडं चालू होईना, पुढे झालं — यात सांगण्यासारखं काय आहे? पण थांबा.

दोन हजार पाच-सहा साल असेल. अर्जुनी मोरगावला बाजाराच्या रस्त्यावर एका निवृत्त गुरुजींचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली त्यांचं घर, वर क्लास. दाराबाहेर चपला काढायच्या, प्रत्येक मशीनवर झालरीचं कव्हर, भिंतीला स्टॅबिलायझर, आणि लाइट गेली की मुलं गच्चीवर. मी तिथला सर. गोंदियाला हार्डवेअरचा कोर्स करून आलो होतो आणि गावात कॉम्प्युटरचं झाकण उघडू शकणारा मी एकटाच होतो. याचा मला किती माज होता, ते सांगायला हवं. शर्टाच्या खिशाला स्क्रू ड्रायव्हर लावून मी भाजी आणायला जायचो.

वनिताताई टायपिंगला होत्या. लग्नाआधी टाइपरायटर शिकलेल्या. नवरा इटियाडोहच्या कालव्यावर कामाला होता, तो तापाने गेला. सासर धानाच्या शेतीचं, खाऊनपिऊन सुखी. पण घरात कोणाची हळद असो की ओटी असो, ताईंना मागच्या खोलीत तांदूळ निवडायला बसवायचे. कोणी वाईट बोलायचं नाही. नुसतं सूप हातात द्यायचे. हे सगळं त्या स्वतःच सांगायच्या, हसत हसत. गुरुजींनी त्यांना शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला बोलावलं आणि पहिला कॉम्प्युटर, ज्याला प्रिंटर जोडलेला होता, तो त्यांच्या ताब्यात दिला. जुना होता, सुरू व्हायला वेळ घ्यायचा. तोवर ताई पदराने त्याची काच पुसत बसायच्या.

आणि त्या शिकवायला लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या वर्गात ज्या मुलींच्या तोंडातून शब्द फुटत नसे, त्या ताईंच्या खुर्चीमागे उभ्या राहून खिदळायच्या. मधे प्लायवूडचा पडदा होता. मी इकडे फळ्यावर लिहायचो आणि तिकडून हसण्याचा आवाज यायचा. तुम्हाला असा आवाज ऐकू आलाय कधी? आपल्यावर कोणी हसत नसतं, हे कळत असतं — आणि तरी खडू मोडतो.

त्यातच गुरुजींनी सांगितलं, दिवाळीनंतर बचत गटाच्या बायकांची दुपारची बॅच काढू. ती वनिताबाई घेतील. आता त्यांनाही मॅडम म्हणायचं. ताईंनी खालमानेनं "हो जी" म्हटलं आणि लगेच प्रिंटरमध्ये कागद नीट करायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मी अभिनंदन केलं. मनातून मी जळत होतो, दुसरा शब्द नाही त्याला.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, हत्यारं पुजतात. विळे, कुऱ्हाडी, वखर, ट्रॅक्टर, शिवणयंत्र, ज्याचं जे असेल ते. पुजलेल्या हत्याराला मग दसरा होईस्तोवर कोणी हात लावत नाही, ते विश्रांतीला असतं. गुरुजींच्या क्लासात कॉम्प्युटर पुजले जायचे. सकाळी मी सगळी मशीनं उघडून ब्लोअरने धूळ उडवायचो, आतली मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचो आणि परत बसवायचो. दुपारी पूजा. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ.

त्या वर्षी गुरुजी म्हणाले, "यंदाची पूजा वनिताबाई करतील."

 एका मुलीची आई प्रसादाचं ताट घेऊन उभी होती, तिने ताट खाली ठेवलं. ताई म्हणाल्या, "मी काऊन जी? बाई आहेत ना घरात." म्हणजे गुरुजींची बायको. गुरुजींनी कुंकवाची वाटी पुढे केली, बस. ताईंनी ती घेतली. कुंकवात बोट बुडवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच त्यांचं बोट कुंकवात गेलं होतं, हे मला कसं कळलं? दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मला त्या क्षणी आनंद झाला का? नाही. मला वाटलं, ही आता माझ्यापुढे गेली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी क्लास उघडला, सगळी मशीनं सुरू झाली, ताईंचं सुरू होईना. पंखा फिरत होता, पडद्यावर काळोख, आणि आतून एकच लांब आवाज — थांबायचा, परत यायचा. मुली मागे सरकल्या. ताईंनी बटण बंद केलं, परत दाबलं. तोच आवाज.

आता ऐका. तो आवाज म्हणजे मशीनची तक्रार असते. मेमरीची पट्टी नीट बसलेली नाही, एवढंच ते सांगत असतं. कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला ऐकताक्षणी कळलं. आणि हेही आठवलं, की नवमीच्या सकाळी नेमकी ती पट्टी बसवत असताना खालून गुरुजींनी नारळ आणायला हाक मारली होती. मी अंगठ्याने दाबली, एका बाजूची क्लिप लागल्याचा टक आवाज आला, दुसऱ्या बाजूचा ऐकायला मी थांबलो नाही. झाकण लावलं आणि गेलो. इतर दिवशी असतं तर सुरू करून पाहिलं असतं. पण पूजेचं हत्यार, त्या दिवशी सुरू कोण करणार?

म्हणजे मला सगळं माहीत होतं. आवाज काय सांगतोय ते, चूक कोणाची ते, आणि अंगठ्याने एकदा दाबलं की मिटतंय तेही.

मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, मशीनकडे पाहिलं, आणि गुरुजींना सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, यंदा पूजा कोणी केली होती?"

बास, एवढंच. यात खोटं काय आहे? मी कोणावर आरोप केला? एक साधा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पहिल्यांदा त्या ताटवाल्या आईने ताईंकडे पाहिलं, ती लेकीला सोडायला वर आली होती. मग मुलींनी पाहिलं. ताईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

गुरुजी चिडले, "त्याचा काय संबंध?" म्हणाले. मी म्हटलं, संबंध नाही जी, सहज विचारलं.

सगळे खाली गेल्यावर मी झाकण उघडलं. पट्टी एका बाजूने वर उचललेली, क्लिप उघडी. मी तिला हात लावला नाही. बाजूला एक बारीक वायर असते, छोट्या स्पीकरची. तिच्यातूनच तो आवाज येतो. ती मी उपटली.

हे मी का केलं, याची उत्तरं मी स्वतःला खूप दिली आहेत. आज एकही देत नाही. गुरुजी उद्या गोंदियाहून दुसऱ्या कोणाला बोलावतील आणि तो आवाज ऐकून तो सांगेल, अशी भीती होती. यंत्र बिचारं खरं बोलत होतं. मी त्याचं तोंड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर नुसता पंखा फिरला, बाकी काहीच नाही. मुली म्हणाल्या, आता तर आवाजही गेला. कोणीतरी म्हणालं, वाढून राहिलं हे. मी मान डोलावली. बाजारापर्यंत गोष्ट जायला वेळ लागत नाही, आणि बाजारातून ती ताईंच्या सासरी पोचायलाही नाही.

मग मी ते मशीन गोणपाटात बांधून गाडीने गोंदियाला नेलं, दुरुस्तीला. कुठल्या दुकानात नेलं? कुठल्याच नाही. गोंदिया स्टेशनच्या बाकावर ते शेजारी ठेवून मी समोसे खाल्ले. चहावाल्याने विचारलं, "क्या है भैया, टीवी?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. "बिगड़ गया क्या?"

"नहीं," मी म्हणालो, "अच्छा है." या सगळ्या प्रकरणात मी खरं बोललो ते त्या चहावाल्याशी. मग तिथेच झाकण उघडून वायर जोडली, पट्टी दाबली. टक. दोन्ही बाजू. परतीची गाडी यायला अजून खूप वेळ होता, मी आणखी एक चहा घेतला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी माणसात राहिलो असतो, असं कधीकधी वाटतं. पण मला मजा यायला लागली होती. हो, मजा. मी गुरुजींना सांगितलं, दुकानदाराला दोष सापडला नाही, आपोआप सुरू झालं, बसवताना एकदा पूजा करून घ्या म्हणतो. गुरुजींना ते पटलं नव्हतं, पण क्लासात मुली गळायला लागल्या होत्या. त्यांनी बायकोला वर बोलावलं. बाईंनी हळदकुंकू वाहिलं, गुरुजींनी नारळ फोडला, मी बटण दाबलं. पडदा उजळला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. वनिताताई दाराबाहेर चपलांजवळ उभ्या होत्या. त्यांना कोणी बाहेर उभं केलं नव्हतं, त्या आपणहून उभ्या होत्या. आणि त्याही टाळ्या वाजवत होत्या.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकले आहात. तुमाले समजते. खरं सांगा जी, माह्या हातानंच झालं का?"

माझ्यावर विश्वास होता त्यांचा. सासरच्यांवर नव्हता, बाजारावर नव्हता, मी सांगेन त्याच्यावर होता. मी नाही म्हटलं असतं तर त्या घरी जाऊन जेवल्या असत्या.

मी म्हटलं, "ताई, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं. मी आता काय सांगू?"

त्या "बरं जी" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी बटणाला हात लावला नाही. सकाळी आल्यावर एखाद्या मुलीला म्हणायच्या, तू दाब व बाई, मग मी बसते. दिवाळीनंतर त्या यायच्या थांबल्या. बायकांची बॅच मला मिळाली. थोड्याच दिवसांत बायकाही यायच्या थांबल्या. क्लास पुढे बंद पडला, गुरुजी वारले, ते मशीन भंगारात गेलं. मला वाटलं, संपलं.

काही वर्षांनी क्लासातल्या एका मुलीचं लग्न होतं, नवेगाव बांधला. आम्हाला सगळ्यांना बोलावणं होतं. हळदीच्या वेळी मी मंडपात जेवायला बसलो होतो. नवरीने पाटावरूनच हाक मारली, "वनिता मॅडम, पहिली हळद तुम्हीच लावा." तिने शिकलेलं सगळं ताईंकडून शिकलेलं, ती लोकांचं कशाला ऐकते. तिची आईसुद्धा म्हणाली, लावा ना जी, आमचं काही नाही.

बघा — घरचे तयार होते. नवरीची आई तयार होती. जग बदललं होतं तेवढ्यापुरतं.

ताई मंडपाच्या कडेला उभ्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. हसल्या आणि म्हणाल्या, "नोको व माय. माह्या हातानं कॉम्प्युटर बंद पडला होता. सरले विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवरी हळदीची वाटी धरून म्हणाली, "खरं का सर?"

ताईही बघत होत्या. हसतच होत्या, पण बघत होत्या. इतकी वर्षं गेली होती आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा मला विचारला होता, या वेळी भर मंडपात, दुसऱ्याच्या तोंडून.

माझ्या तोंडात भाताचा घास होता. तो मी सावकाश गिळला. म्हणालो, "जुनी गोष्ट आहे ती."

लोक हसले. ताई हसल्या. कोणीतरी दुसरीला पुढे ढकललं आणि नवरीला हळद लागली. मी ताक मागून घेतलं आणि जेवण पूर्ण केलं.

त्या अजून आहेत, सासरीच आहेत. मीही आहे. अर्जुनीहून तिथे जायला फार वेळ लागत नाही. मी गेलेलो नाही.

ती पट्टी मी बसवली होती. वनिताताईंनी तिला हातही लावला नव्हता.