खुंटीवरचा हार

तोंडापर्यंत आलं आणि गिळलं — किती वेळा! बायकोजवळही बोललो नाही. ती गेली, तरी नाही. आज तुमच्यापाशी का बोलावंसं वाटतंय, बाप्पा, माझं मलाच कळत नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पवनीजवळ, वैनगंगेच्या काठी, आमच्या गावच्या शेतकऱ्यांनी मिळून पाणी उपसायचा पंप बसवला. मिस्त्री मी, पंप चालवायला श्रावण. पाया मीच घातला होता. सभेत छाती ठोकून सांगितलं होतं — तसूभर हलणार नाही. हलला. काळी माती ती, पावसात फुगते, मग खचते. माझं थोडीच ऐकते? मोटर आणि पंप एका रेषेत राहीनात.

दोघांना जोडणारं कपलिंग बदलायची वेळ आली. अशा जागी रबरी टायरचं घ्यावं, ते थोडं वाकडंतिकडं सोसून घेतं — हे मला ठाऊक होतं. पण ते मागितलं की पंपाच्या सोसायटीचे अध्यक्ष विचारणार, काहून? मग पाया खचल्याचं चारचौघांत सांगावं लागणार. मी पुन्हा पिनांचंच बसवलं. त्या पिनांवरचे रबराचे बुश झिजत, काळा चुरा खाली पडे, लोखंड लोखंडावर आपटे. चुरा मी पायानं सारून द्यायचो.

दसऱ्याला श्रावणनं यंत्राची पूजा केली. पत्र्याचं झाकण काढून कपलिंगला हळदकुंकू लावलं, तारेत ओवलेला झेंडूचा हार घातला. भारी धान, उशिरा पिकणारं, पाण्यासाठी खोळंबलं होतं. पूजा आटोपताच त्यानं हार काढला, खुंटीला अडकवला, झाकण बसवलं. मी तिथंच उभा होतो. पंप सुरू झाला — आणि थोड्याच वेळात एक पिन तुटली, पत्रा फाडून श्रावणच्या उजव्या डोळ्यात घुसली.

लोक त्याला खाटेवर घालून दवाखान्याकडे धावले. मी एकटा मागं राहिलो. का राहिलो? — सांगतो. खुंटीवरचा हार काढला, तोडला, आणि कपलिंगमध्ये कोंबला.

अध्यक्षांना मी म्हणालो, हार आतच राहिला होता. त्यांनी हाराची तार पाहिली, मान हलवली. पायाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. श्रावणचं काम गेलं, डोळा तर गेलाच होता.

पण त्याहून वाईट पुढंच आहे. डोळ्याला पट्टी बांधून तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "भाऊ, मले त आठवते, हार मी काढला होता. पन तुमी सोता म्हनता का तो आतच होता, मंग मीच भुललो असन."

मी म्हणालो, "होते असं, श्रावण."

माझ्या शब्दापुढं त्यानं स्वतःची आठवण खोटी धरली. नंतर कधी दसऱ्याला हाती फूल घेतलं नाही. नातवानं सायकलीला हार घाल म्हटलं, तर म्हणे, "माह्या हातानं नोको, बाबू." मी शेजारीच बसलेलो.

यंदा श्रावण गेला. शेवटच्या आठवड्यात मी रोज जाऊन बसत होतो. तो शुद्धीवर होता, ऐकू येत होतं. पावसापाण्याचं बोललो, धानाचं बोललो.

श्रावण, हार तू काढला होता. मी पायलं होतं.