मागची चाकं वळवायचं काम

बायको गेल्यानंतर मी शेड रोज उघडत होतो, पण काम घेत नव्हतो. सकाळी शटर वर करायचं, स्टुलावर बसायचं, संध्याकाळी शटर खाली ओढायचं. अंबरनाथला मोरिवलीत घरामागे आमचा जमिनीचा एक तुकडा उरलाय. बाकीची शेती बापाच्या काळातच कारखान्यांत गेली. त्या तुकड्यावर माझी पत्र्याची शेड. जीपगाड्यांचं काम करतो मी. करत होतो म्हणायला पाहिजे आता, पण जिभेला सवय नाही.

एक दिवस मुलगा न सांगता आला. तेव्हा वेल्डिंगच्या गॅसची तोटी उघडी होती आणि मी बाजूलाच बसलेलो. ज्योत कधी विझली मला माहीत नाही. त्याने तोटी बंद केली, मला हाताला धरून बाहेर आणलं आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून रडला. आई गेली तेव्हा मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मग त्याने विषय काढला. त्याचा चिखलोलीला फ्लॅट आहे, तिथे येऊन राहा म्हणाला. शेड एका केमिकलवाल्याला पिंपं ठेवायला पाहिजे, त्याला देऊन टाकू. मी नाही म्हणालो. बोलाचाली झाली. दोघंही तापट, सोडवायला मधे कोणी नाही. शेवटी तो म्हणाला, "बाबा, एक काम घ्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने, नीट. गाडी बरोबर गेली तर मी परत शेडचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर माझ्याकडे यायचं."

"मी काय आता तुझ्या परीक्षेला बसू?"

"बसा की. मला तर तुम्ही मारून मारून बसवलंत."

पाचवीनंतर मी कुठल्या परीक्षेला बसलो नव्हतो. या परीक्षेला बसलो.

काम आलं ते कॅम्प चारमधून, सिंध्यांच्या वस्तीतून. सिंधी माणूस, जीन्सचा धंदा, पोट सुटलेलं, केस पिकायला लागलेले. पण रविवार आला की मित्रांना घेऊन बदलापूरच्या पुढे डोंगरात जायचं, दगडधोंड्यांतून जीप चढवायची, चिखलात रुतवायची आणि पुन्हा काढायची, हा त्याचा शौक. घरचे वैतागलेत असं स्वतःच हसत सांगायचा. त्याची चारही चाकं ओढणारी जुनी जीप होती. तिला मागच्या चाकांचंही स्टेअरिंग पाहिजे होतं.

"काका, पीछे का चक्का भी घूमना मंगता है," म्हणाला. "पत्थर में फसता हूँ ना, तो आगे-पीछे करते करते कंबर जाती है."

हे काम काय असतं ते सांगतो. जीपची पुढची चाकं वळतात, मागची वळत नाहीत, कारण मागचा एक्सल सरळसोट असतो. मागची वळवायची तर तो एक्सल काढायचा आणि तिथे दुसऱ्या गाडीचा पुढचा एक्सल उलटा फिरवून बसवायचा. म्हणजे गाडीला दोन्हीकडे पुढचेच एक्सल. मग मागच्या चाकांना ढकलायला तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर लावायचा, त्याच्या नळ्या इंजिनाच्या पंपापर्यंत न्यायच्या, आणि गिअरच्या बाजूला एक दांडी द्यायची. दांडी इकडे केली की मागची चाकं इकडे, तिकडे केली की तिकडे. पुढची डावीकडे आणि मागची उजवीकडे वळवली की गाडी जागच्या जागी फिरल्यासारखी फिरते. पण हे सगळं डोंगरात. डांबरी रस्त्यावर मागची चाकं सरळ ठेवून खीळ घालायचीच, म्हणजे ती वळत नाहीत. खीळ न घालता जोरात चालवली तर गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. त्या खिळीचं भोक कुठे पाडायचं, सगळं काम त्यावर येऊन थांबतं. चाकं अगदी सरळ असताना भोक पडलं पाहिजे.

सरळ बघायला माझ्याकडे मशीन नाही. मी दोरा लावतो. पुढच्या टायरपासून मागच्या टायरपर्यंत दोरा ताणून धरायचा आणि मागचा टायर दोऱ्याशी जुळतो का बघायचं. याला दोन माणसं लागतात, दोन टोकांना दोन. माझं दुसरं माणूस म्हणजे बायको. गाडीतलं तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. दुपारी डबा घेऊन यायची, मी म्हणायचो जरा दोरा धर, की पदर खोचून खाली बसायची. दोरा टायरला टेकला तर म्हणायची, चिकटला. टेकला नाही तर म्हणायची, हवा आहे. किती हवा विचारलं की बांगडीएवढी, नाहीतर नखाएवढी. मला ते कळायचं. एक बाजू झाली की मी हात पुसायला लागायचो आणि ती उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची.

"झालं ना आता," मी म्हणायचो.

"भाकरी एकाच बाजूने भाजून दिली तर खाल का? या इकडे. आणि दोरा ओढताय का बैल? जरा हळू."

एवढं बोलून वर अशी बघायची की जसं काही शेडची मालकीण तीच. मागच्या चाकांचं स्टेअरिंग मी त्याआधी थोड्याच गाड्यांना बसवलं होतं. सगळ्यांचा दोरा तिने धरला होता.

या वेळी एकटा लागलो. कॅम्प चारच्या भंगारवाल्याकडून एक्सल आणला, मूळच्यापेक्षा जरा रुंद मिळाला. जुना उतरवला, गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, नवा आत सरकवून स्प्रिंगच्या पाट्यांना आवळला. एकट्याने एवढं जड उचलायचं म्हणजे साखळी लावा, जॅक लावा, इकडचं उचला, तिकडचं सांभाळा. दोन माणसांचं काम एक माणूस करतो तेव्हा निम्मा वेळ चालण्यातच जातो. पण झालं. सिलिंडर बसला, नळ्या बसल्या, दांडी हलवली की चाकं वळायला लागली. मुलगा रोज संध्याकाळी कामावरून सुटला की फोन करायचा. गॅस बंद केला का एवढंच विचारायचा. मी हो म्हणून ठेवायचो.

दुपारचं मात्र जड जायचं. पाना हातात असायचा आणि डोळा दाराकडे. कारखान्यांची जेवणाची सुट्टी होते, रस्त्यावर माणसांचा आवाज वाढतो, आणि मी काम सोडून उभा. कशाला उभा राहिलो ते कळायला वेळ लागायचा. मग पुन्हा खाली बसायचो.

अशाच एका दुपारी दोरा लावला. त्याचं एक टोक पुढे रिकाम्या पिंपाला बांधलं, दुसरं मागे विटांच्या थराला. पिंप सरकायचं, विटा हलायच्या. उठ, जाऊन बघ, परत ये, परत बांध. गुडघे बोलायला लागले. उजव्या बाजूला शेवटी टायर दोऱ्याला चिकटला. डाव्या बाजूला आता हे सगळं पुन्हा कोण करणार म्हणून डावं चाक उजव्याला समांतर लावलं आणि भोक पाडून टाकलं.

इथे चुकलं. मागचा एक्सल रुंद आहे हे मला माहीत होतं. रुंद असला की पुढच्या टायरपासून मागे आलेला दोरा जरा बाहेरच्या अंगाला तिरका जातो. दोन्ही बाजूंनी दोरा लावला तर हा तिरकेपणा समोर दिसतो आणि दोन्हीकडे सारखा वाटून घेता येतो. एकाच बाजूने लावला तर तिरक्या दोऱ्यालाच आपण सरळ समजून बसतो. नवशिका असं करत नाही, तो घाबरून पुन्हा पुन्हा बघतो. असं त्याचं होतं ज्याच्यासाठी दुसऱ्या बाजूला जायची आठवण कायम दुसऱ्या कोणी ठेवलेली असते.

गिऱ्हाईक गाडी बघायला आला तेव्हा आम्ही बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या अंगाला गेलो. तो चालवत होता, मी बाजूला. अंबरनाथ सुटेपर्यंतच मला कळलं. रस्ता सरळ, तोंड सरळ, आणि गाडीचं बूड एका बाजूला. खेकडा जातो तशी. एका सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून मागे बघितलं, पुढे बघितलं आणि मला विचारलं, "चाचा, गाडीने पण घेतलीय का?"

गिऱ्हाईक हसला. मला हसता आलं नाही.

डोंगरात मात्र त्याने खीळ काढली आणि दांडी हातात घेतली, तर गाडी दोन दगडांच्या मधून अशी वळून निघाली की तो माणूस लहान पोरासारखा ओरडला. एकदा ओढ्याच्या काठाने जाताना त्याने तोंड आत घेतलं तसं बूड काठाकडे गेलं. मी त्याला थांबवलं आणि समजावलं, की आता मागची पण वळतात, काठापासून तोंड दूर नेशील तर बूड काठावर जाईल. त्याने लगेच ऐकलं. परत निघताना तो खूश होता. रस्त्यावर जी तिरकी चालते त्याचं काय, मी विचारलं.

"अरे छोडो काका. रोड पे थोडा टेढा चलेगा. मैं तो पहाड़ में घुमाता हूँ. फर्स्टक्लास काम है."

मी घरी येऊन बसलो. आता नुसतं गप्प बसायचं होतं. गिऱ्हाइकाची तक्रार नाही. मुलाला गाड्यांमधलं काही कळत नाही. मुलाने विचारलं असतं, झालं का एकट्याने, मी हो म्हणालो असतो, आणि शेड राहिली असती. पण डोळ्यासमोर एकच यायला लागलं. ती गाडी रस्त्यावर वेगात असताना पावसाचं पाणी साचलेलं असेल, समोरून काही येईल, आणि तिचं बूड आधीच एका बाजूला. त्या माणसाचं घर आहे, पोरं आहेत. संध्याकाळी मुलाचा फोन आला, गॅस बंद केला का. मी म्हणालो, गॅस बंद आहे, गाडी तिरकी चालतेय, रविवारी ये.

तो आला. मी गिऱ्हाइकाला सांगून गाडी परत आणून ठेवली होती, त्यालाही थांबवून घेतलं. मुलाला मी दोऱ्याचं टोक दिलं. कडक इस्त्रीची पँट घालून आला होता, तसाच मातीत बसला. टायर आणि दोऱ्याच्या मधे किती हवा आहे विचारलं तर म्हणाला, असेल एखाद-दोन मिलिमीटर, फोनमधला टॉर्च लावून बघू का? मी म्हणालो बघ. त्याने टॉर्च लावला, फोटो काढला आणि मोठा करून मला दाखवला. पोरगं मनापासून करत होतं. उजवी बाजू झाली, डावी झाली, पुन्हा उजवी बघितली. जुनं भोक वेल्डिंगने भरलं, नवं पाडलं. खीळ बसवली. गिऱ्हाइकाने गाडी रस्त्यावर काढली, कारखान्यांच्या भिंतीच्या बाजूने पार टोकापर्यंत नेली आणि परत आणली. सरळ गेली, सरळ आली. त्याने माझा तेलाचा हात हातात घेतला आणि निघून गेला.

आम्ही दोघं शेडमध्ये राहिलो. मुलाने नळाखाली हात धुतले. गॅसची तोटी बघितली, बंद होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाला की तसं बघितलं तर काम तुमचंच, मी फक्त दोरा धरला. एवढ्यावरून एकट्याने केलं नाही असं म्हणता येत नाही. शेड ठेवा. लागलं तर मी येत जाईन रविवारचा.

शर्त मी हरलो होतो आणि तो मला जिंकवत होता. माझाच मुलगा आहे, दिसतं सगळं.

"देऊन टाक केमिकलवाल्याला," मी म्हणालो.

"अहो बाबा, गाडी सरळ गेली ना."

"गाडी गेली रे. मला इथे दुपार जात नाही."

तो जाऊन शटरजवळ उभा राहिला. मीच उठलो आणि पाने एका गोणीत भरायला लागलो. तो आला आणि गोणीचं तोंड धरून उभा राहिला.

आता शेडमध्ये निळी पिंपं आहेत. मी चिखलोलीला मुलाकडे असतो. वरच्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, खाली बाकडी आहेत. त्यावर माझ्यासारखे बरेच जण येऊन बसतात, आपापल्या बीपीच्या गोळ्या सांगतात. सून चांगली आहे, काही विचारत नाही. दुपार इथेही जात नाही. फक्त इथे बायको कधी डबा घेऊन येत नव्हती, म्हणून दाराकडे बघावं लागत नाही.