कुमसाराचा डबा

चहा घ्या, सांगतो. फक्त कप आधी खाली ठेवा, कारण माझी फजिती ऐकताना मागे एकाला ठसका लागला होता.

माझी डॉक्टरेट बोलीभाषांतल्या शब्दांवर आहे. हे मी मिरवत नाही. पुढे लाज का वाटली ते कळावं म्हणून सांगतो.

त्या आठवड्यात आमची ही तापानं पडली होती. तोंडाला चव नाही. मी खिचडी केली, तिनं ताट बाजूला सारलं आणि मी नको ते बोललो. "दोष तुझ्या जिभेचा आहे, खिचडीचा नाही!" मग दोन्हीकडून अबोला.

शेजारी फिलोमिनाबाई राहतात. वसईच्या, नर्स म्हणून कारंज्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. शुक्रवारी त्या फाटकाशी भेटल्या. म्हणाल्या, "चर्चमध्ये आज कुमसार आहे, सर. सणाआधी घेतलाच पाहिजे. एकदम हलकं वाटतं बघा, आतून साफ!"

कुमसार! कोकमाचं सार ऐकलं होतं, आमसुलाचं प्यायलो होतो. हे वसईकडचं काहीतरी असणार. विचारावं का? पण बोलीभाषांच्या डॉक्टरनं एका साराचा अर्थ विचारायचा? मी एवढंच विचारलं, "सगळ्यांना मिळतं?"

"रांग लावावी लागते," बाई म्हणाल्या.

आजाऱ्याला यापेक्षा चांगलं काय? अबोलाही सुटेल. मी स्टीलचा डबा घासून घेतला आणि चर्च गाठलं.

रांग होती, पण इतक्या पडलेल्या चेहऱ्यांनी खाण्यासाठी उभी राहिलेली माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. शिवाय प्रत्येक जण रिकाम्या हातानं परतत होता. मला वाटलं, तिथंच पीत असतील. आपण डबा आणला ते चुकलं का? परत जावं का? एवढ्यात माझा नंबर आला.

समोर लाकडी जाळी. हिच्यातून डबा जाणार कसा? पलीकडून फादर हळूच म्हणाले, "बोला."

"एक डबा. पातळच असू द्या, आजारी माणसासाठी आहे."

फादर जाळीच्या आणखी जवळ सरकले.

"काय पातळ?"

"कुमसार."

जाळीपलीकडे खोकल्यासारखं काहीतरी झालं. मग फादरांनी समजावलं, की कुमसार म्हणजे पापांची कबुली. ती ऐकून देवाच्या नावानं क्षमा देण्याचा अधिकार चर्चला आहे. मी ख्रिस्ती नाही, तेव्हा हा संस्कार ते मला देऊ शकत नव्हते. पण इतका वेळ उभे राहिलात, मनात काही असेल तर बोला, म्हणाले. मी खिचडीचं सगळं सांगून टाकलं.

"मग ही क्षमा घरीच मागा," फादर म्हणाले. "तिथं रांग नसेल."

घरी आलो. डबा हातात धरूनच साराची आणि फादरांची सगळी फजिती सांगितली आणि म्हटलं, "माझं चुकलं. खिचडी खारट होती."

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग झाकण उघडलं. "अवो, रिकाम्या डब्यात माफी भरून आणली का? केलं माफ. पण सार कुठी हाय?"

मग मीच चिंच भिजवली, गूळ घातला, फोडणी दिली. मोठ्या विश्वासानं वाटी तिच्या हातात दिली. तिनं एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हे मले माफ करता येत नाही," ती म्हणाली. "यासाठी तुमी फादरकडंच जा."